गुपित फोडणारी ठिणगी

ठाण्याच्या वर्तकनगरात एखादे गृहस्थ घरबसल्या मोबाइलवरून विजेचे बिल भरतात, तेव्हा त्यांच्या पैशाची राखण काही अवघड गणिते करीत असतात. पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाल्यास यातील काही गणिते सुटू शकतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. त्यावरचा एक उतारा म्हणजे एकेका प्रकाशकणाच्या साह्याने गुप्त किल्ली पाठविणे. वाटेत कोणी तो कण टिपला, तर त्याच्या खुणा मागे उरतात आणि चोरी उघडी पडते.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. या मोहिमेच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र ठाण्याहून जवळच असलेल्या पवईच्या आयआयटीकडे आहे. त्याआधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, डीआरडीओ आणि दिल्लीच्या आयआयटीने प्रयागराज ते विंध्याचल अशी शंभर किलोमीटरहून लांब किल्ली पाठवून दाखविली होती. सिद्धांत भक्कम आहे. प्रश्न आहे तो उपकरणाचा.

सिलिकॉनच्या शोधकावर प्रकाशकण आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. विद्युतदाबाच्या जोरावर तो इतरांना मोकळे करतो, क्षणार्धात लोंढा उसळतो आणि कणाची नोंद होते. परंतु नुसत्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतो व गडद अंधारात खोटी नोंद होते. सिलिकॉनमधील दोषांत अडकलेला इलेक्ट्रॉन उशिरा सुटला, की आणखी एक. शोधक थंड केल्यास पहिला उपद्रव घटतो. दुसरा मात्र अधिक काळ रेंगाळतो. अंतर वाढते तसे पोचणारे कण कमी होतात, खोट्या नोंदी मात्र तितक्याच राहतात. अखेर चोर कोणता आणि गोंगाट कोणता, हे ओळखणेच अशक्य होते.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. लोंढ्यातील इलेक्ट्रॉन स्वतःच क्षीण प्रकाश बाहेर टाकतात आणि तो आल्या वाटेने मागे जाऊ शकतो. कोणत्या शोधकाने नोंद केली, हे त्यावरून बाहेरच्याला कळण्याचा संभव असतो. तेही मूळ कणाला हात न लावता, म्हणजे खूण न ठेवता! कुर्त्सीफर, वाइनफुर्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्येच या चोरवाटेकडे लक्ष वेधले होते. गाळण्या आणि प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारे अडसर बसविले, तर ती बरीचशी बुजविता येते. मात्र त्यापायी येणारा प्रकाशही थोडा वाया जातो.

दोन हजार किलोमीटरपर्यंत सुरक्षित संदेशवहन हे मोहिमेचे एक उद्दिष्ट आहे. ते गाठताना केवळ अंतराचे आकडे जाहीर करून भागणार नाही. प्रत्येक शोधक मागे किती प्रकाश सांडतो आणि अंधारात किती खोटे बोलतो, याची स्वतंत्र चाचणी खरेदीपूर्वी बंधनकारक हवी. कुलूप कितीही अभेद्य असले, तरी पहारेकरीच बोलका असेल तर त्याचा उपयोग काय?