इंजिन बदलण्याआधी वही काढा



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, सोसायटीची कपात झाली आणि हातात चार पैसे उरले, की दोन कामे हमखास निघतात. एक घराचे, दुसरे गाडीचे. जुनी जीप किंवा मॅटाडोर दारात उभी असते, डिझेल फार खाते, आणि "इंजिनच बदला, ॲव्हरेज वाढेल" असा सल्ला गॅरेजपासून पारापर्यंत जो तो देतो. गाडी दुधाला, बेण्याला, खताला लागते हे खरे. परंतु सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही, जाते ते आपले. म्हणून स्पष्टच सांगतो : आपल्यापैकी बहुतेकांनी इंजिन बदलू नये, आहे ते नीट करून घ्यावे. ज्याची गाडी रोज रस्त्यावर आहे, त्यानेच बदलाचा विचार करावा.

ही कल्पना आली कुठून? १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. त्या काळच्या बहुतेक जीप पेट्रोलच्या. पेट्रोल परवडेना, म्हणून पुष्कळांनी जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतले. तो व्यवहार शहाणपणाचा होता. डिझेल इंजिन हवा जास्त दाबते, त्यामुळे इंधनातील जास्त शक्ती कामी येते. लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही थोडी अधिक. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे डिझेलचा भाव पेट्रोलच्या पुष्कळ खाली ठेवलेला होता. हा तिसरा आधार आता डळमळला आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि दोन्ही भावांतील अंतर पूर्वीसारखे राहिले नाही. सबब, वडिलांचा हिशेब तेव्हा बरोबर होता म्हणून तोच आपल्यालाही लागू पडेल असे नाही.

दुसरी गोष्ट ॲव्हरेजची. "चारने वाढले" एवढे ऐकून आपण खूश होतो. पण बघा, लिटरला ८ किलोमीटर जाणारी गाडी १२ जाऊ लागली, तर शंभर किलोमीटरला सव्वाचार लिटरच्या आसपास बचत होते. १२ ची १६ झाली, तर बचत होते दोन लिटरच्या थोडी वर. दोन्हीकडे वाढ चारचीच, बचत मात्र निम्मी. म्हणून लिटरला किती जाते हे न विचारता शंभर किलोमीटरला किती पिते हे विचारावे.

आता खर्च मांडू. समजा, डिझेलची गाडी ९ देते, दुसऱ्या इंजिनाने १२ देईल. शंभर किलोमीटरला पावणेतीन लिटर वाचले. हिशेबापुरता लिटरला ९० रुपये भाव धरला, तर सुमारे २५० रुपये सुटले. इंजिन, मजुरी आणि किरकोळ धरून दीड लाख खर्च धरा. तो वसूल व्हायला ६०,००० किलोमीटर गाडी पळायला हवी. वर्षाला २०,००० पळणाऱ्याचे पैसे तीन वर्षांत निघतील. बाजार, लग्नकार्य आणि शेताची फेरी मिळून ६,००० पळणाऱ्याला दहा वर्षे लागतील. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. दहा वर्षे ती जुनी गाडी तग धरील काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

शिवाय दीड लाखात भागेलच असे नाही. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन घातले, तर ते वजनाला जड असते, पुढचे पाटे बसतात. त्याचे फेरे कमी असतात, त्यामुळे जुना क्राउन-पिनियन जुळत नाही. मग रस्त्यावर इंजिन उगाच ओरडते आणि वाचवायचे तेच डिझेल जाळते. रेडिएटर, क्लच, माउंटिंग हे खर्च मागाहून निघतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशातली गत होते.

कागदाचेही आहे. इंजिनाचा नंबर नोंदणीपुस्तकात असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद परिवहन कार्यालयात व्हावी लागते आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवावे लागते. उसाच्या बिलाचे १४ दिवस आपण बोटावर मोजतो, हेही मोजावेत. दुसऱ्या जातीचे किंवा दुसऱ्या इंधनाचे इंजिन घालायचे असेल, तर आधी परवानगी, मग पाना. भंगार बाजारातले इंजिन पावतीशिवाय घेऊ नये. नंबर जुळला नाही तर पासिंग अडते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करायला मोकळी. ते इंजिन चोरीचे निघाले, तर पोलीस चौकीचे हेलपाटे वेगळेच.

मग करावे काय? आधी मोजावे. टाकी गच्च भरा, किलोमीटर लिहा, नेहमीसारखी गाडी वापरा, पुन्हा गच्च भरा. असे तीन वेळा करा. त्यानंतर एअर फिल्टर बदला, नोझल तपासा, पंपाचे कॅलिब्रेशन करून घ्या, टायरमध्ये बरोबर हवा ठेवा, ब्रेक चिकटत असतील तर सोडवा. मग पुन्हा मोजा. एवढ्याने फरक पडला, तर दीड लाख वाचले. नाही पडला, तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. रिंग-पिस्टन गेले असतील, तर बोअर करून तेच इंजिन उभे राहते. नंबर तोच, कागद तेच.

ज्याची गाडी रोज दूध घेऊन शहरात जाते, त्याचे गणित वेगळे आहे. त्याने जरूर बदलावे, पण त्याच कंपनीचे, त्याच जातीचे, पावतीचे इंजिन घ्यावे.

मंडळी, उसाला किती पाणी, किती खत, किती टन उतारा हे आपण वहीत लिहितो. दारातली गाडीही आपल्याच उसावर चालते. तिचेही एक पान त्या वहीत असू द्या. ते पान भरल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये, एवढेच सांगणे.