घरांतील आध्यात्मिक वाचन

शरीराला अन्न लागतें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. भूकच तें शिकविते. आत्म्याच्या भुकेचा प्रकार मात्र निराळा आहे. शरीर उपाशी राहिलें म्हणजे त्याची भूक वाढते. आत्मा उपाशी राहिला म्हणजे त्याची भूक मरत जाते. म्हणूनच पुष्कळ सुशिक्षित ख्रिस्ती घरांत असें दिसतें कीं, धार्मिक पुस्तकांना कपाट असतें, कपाटाला कांच असते, कांचेमागें सोनेरी अक्षरांनीं नटलेलीं पुस्तकें उभीं असतात, आणि तीं वाचलीं जात नाहींत याची रुखरुख कोणालाच नसते. वार्षिक अंकाच्या या पानांवर विद्यार्थी व पालक एकत्र भेटतात. तेव्हां जी गोष्ट दोघांनीं मिळूनच करावयाची, तिच्याविषयीं येथें चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आध्यात्मिक वाचन म्हणजे केवळ धार्मिक विषयावरील पुस्तक वाचून संपविणें नव्हे. परीक्षेसाठीं आपण वाचतों तेव्हां पुस्तकावर आपली सत्ता असते. हवें तें टिपून घेतों, नको तें गाळतों, आणि परीक्षा संपली कीं त्याला निरोप देतों. आध्यात्मिक वाचनांत हें नातें उलटें होतें. तेथें पुस्तकच आपली परीक्षा घेतें. बाराव्या शतकांतील गिगो नांवाच्या कार्थूसियन मठप्रमुखानें या वाचनाला चार पायऱ्यांच्या शिडीची उपमा दिली आहे: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन म्हणजे घास तोंडांत घेणें, मनन म्हणजे तो चावणें, प्रार्थनेनें त्याची चव कळूं लागते, आणि ध्यान म्हणजे ती गोडीच, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. धार्मिक पुस्तकें रुक्ष असतात, अशी तक्रार आपण वारंवार ऐकतों. परंतु घास न चावतां गिळणाऱ्यानें स्वयंपाकाला नांवें ठेवावींत, तसाच हा प्रकार नव्हे काय?

यावर पहिला आक्षेप असा कीं, हें काम धर्मगुरूंचें व धर्मभगिनींचें. प्रापंचिकानें रविवारचा मिस्सा ऐकावा, संध्याकाळीं माळेची प्रार्थना करावी, म्हणजे पुरे. या आक्षेपाला इतिहासानेंच उत्तर दिलें आहे. १५२१ सालीं स्पेनमधील पांप्लोना येथील लढाईंत इग्नेशियस लोयोला या योद्ध्याच्या पायाला तोफेचा गोळा लागला. घरीं अंथरुणाला खिळून असतां त्यानें वेळ घालविण्यासाठीं शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरांत नव्हत्या. म्हणून प्रभु ख्रिस्ताचें एक चरित्र व संतांच्या कथांचें एक पुस्तक त्याच्या हातीं देण्यांत आलें. तेव्हां तो धर्मगुरू नव्हता. संन्यास घेण्याचा विचारही त्याच्या मनांत नव्हता. वाचतां वाचतां त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली. दरबारी वैभवाचीं स्वप्नें रंगवितांना सुख वाटे, पण तीं सरल्यावर मन कोरडें पडे. संतांच्या मार्गानें जाण्याच्या विचारांचें मात्र तसें नसे. ते विचार सरले तरी प्रसन्नता मागें राही. या उरणाऱ्या चवीनें त्याचें आयुष्य पालटलें. त्यानें स्थापिलेल्या येशूसंघाला १५४० सालीं पोपची मान्यता मिळाली, आणि त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरला. त्या अंथरुणावरील वाचनाचा प्रवाह असा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोंचला आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. संत फ्रान्सिस दि सेल्स यांनीं सतराव्या शतकाच्या आरंभीं भक्तिमार्गावर जें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, तें मठांत राहणाऱ्यांसाठीं नव्हतें. संसारांत, व्यवहारांत आणि दरबारांत गुंतलेल्या माणसांसाठीं होतें. शिपायाची भक्ति, कारागिराची भक्ति आणि गृहिणीची भक्ति एकाच सांच्याची असूं शकत नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. पण त्या सर्वांना त्यांनीं एक सल्ला दिलाच: एखादें चांगलें भक्तिपर पुस्तक जवळ बाळगावें, आणि संतांनीं स्वर्गांतून आपणांस धाडलेलीं पत्रें वाचावींत त्या भावनेनें तें रोज थोडें वाचावें. रोज थोडें, हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो गृहस्थ आगगाडींत उभा राहून मोबाईलच्या पडद्यावर अर्धा तास डोळे लावतो, त्यानें दहा मिनिटें मिळत नाहींत असें म्हणणें त्याचें त्यालाच पटणार नाहीं.

तिसरा प्रश्न भाषेचा. आणि तो मराठी वाचकानें तरी विसरूं नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले. साष्टी प्रांतांत धर्मशिक्षण चालू असतां एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें त्यांच्यापुढें एक गाऱ्हाणें मांडलें, तें त्यांनीं आपल्या काव्यांतच नमूद केलें आहे. पूर्वींचीं पुराणें वाचण्यास मनाई झाली, मग त्यांच्या जागीं वाचावयास आम्हांस दुसरें कांहीं कां देत नाहीं, असा त्याचा रोख होता. किती रास्त प्रश्न! मनाला वाचावयास कांहींतरी हवेंच असतें. स्टीफन्स यांनीं उत्तर दिलें तें ‘ख्रिस्तपुराण’ लिहून. सुमारें अकरा हजार मराठी ओंव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें गोव्यांत लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला. तरीही ग्रंथ नष्ट झाला नाहीं. हस्तलिखित प्रतींच्या रूपानें भाविकांनीं तो जपला. १९०७ सालीं मंगळूर येथें आणि १९५६ सालीं पुण्यास, या वेळीं देवनागरींत, तो पुन्हां छापला गेला. ज्यांना ग्रंथ दुर्मिळ होता त्यांनीं तो हातानें उतरून काढला. ज्यांना तो सुलभ आहे त्या आपण तो उघडतही नाहीं. इंग्रजी पुस्तकें अवश्य वाचावींत. परंतु दुःखांत माणूस ज्या भाषेंत रडतो, त्या भाषेंत वाचलेला शब्दच काळजाला जाऊन भिडतो, असें माझें मत आहे.

हें मत मीं पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिला शुभवर्तमानांतील एखादा भाग वाचून दाखविण्याचें काम मजकडे असे. मला केव्हां एकदां संपवितों असें होई; ती मात्र मध्येंच म्हणे, “थांब बाळा, तेवढें पुन्हां वाच.” एके रात्रीं उधळ्या पुत्राची गोष्ट चालली होती. धाकटा परत आला, बापानें मेजवानी केली, आणि थोरला रागावून घराबाहेर उभा राहिला, येथवर मीं वाचलें. तो भाग तिनें तीन वेळां वाचावयास लावला. मग विचारलें, “तो मग आंत गेला का रे?” मीं पान उलटून पाहिलें आणि सांगितलें, “तें येथें लिहिलेलें नाहीं.” ती कांहीं बोलली नाहीं. वाडीच्या बांधावरून माझ्या आजीचें व तिच्या धाकट्या दिराचें कित्येक वर्षें बोलणें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती कोणास न सांगतां त्याच्या घरीं गेली. बांध कोणाचा ठरला तें मला आठवत नाहीं. पण त्या वर्षीं नाताळचें जेवण दोन्ही घरांनीं एकत्र केलें, तें आठवतें. गोष्टीचा जो शेवट पुस्तकांत नव्हता, तो तिनें आपल्या पायांनीं चालून लिहिला. मला वाचतां येत होतें, पण त्या रात्रीं वाचलें तें तिनेंच.

म्हणून पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलांच्या हातीं पुस्तक देऊन दूर होऊं नका, त्यांच्याजवळ बसा. रोज रात्रीं ठराविक वेळीं दहा मिनिटें, घरांतील एकानें मोठ्यानें वाचावें व इतरांनीं ऐकावें. आरंभ शुभवर्तमानापासून करावा. नंतर संतांचीं चरित्रें, संत अगस्तीनचें आत्मनिवेदन, थॉमस अ केम्पिसचें ख्रिस्तानुकरण, यांपैकीं जें आपल्या भाषेंत मिळेल तें घ्यावें. वाचलेल्यांतील एकच वाक्य दिवसभर मनांत वागवावें. या वाचनाला गुण ठेवूं नयेत आणि तें शिक्षा म्हणून लादूं नये. ज्याचा धाक वाटतो त्याची गोडी लागत नाहीं. मन भटकतें म्हणून कोणी निराश होऊं नये. अविलाची संत तेरेजा ही प्रार्थनामार्गाची थोर आचार्या. पण सुमारें अठरा वर्षें हातीं पुस्तक असल्याखेरीज प्रार्थनेस बसण्याचें धैर्य आपणांस होत नसे, असें तिनें स्वतः लिहून ठेविलें आहे. जी काठी तिला लागली, ती आपणांस लागली तर त्यांत कमीपणा कसला?

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यासाठीं एकच गोष्ट सांगतों. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६५ सालीं सर्व ख्रिस्तजनांस पवित्र शास्त्र वारंवार वाचण्याचा, आणि त्या वाचनाला प्रार्थनेची जोड देण्याचा आग्रह केला. त्या ‘सर्व’ शब्दांत तुम्हीही आलांत. आज तुमची श्रद्धा बहुतांशीं आईवडिलांची आहे. त्यांच्या घराप्रमाणें तिचाही आसरा तुम्हांस मिळतो. पण उद्यां तुम्ही शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं दूर जाल. तेथें प्रार्थनेला हांक मारणारी आई नसेल, आणि अपयशाच्या रात्रीं शाळेंत पाठ केलेलीं उत्तरें पुरीं पडणार नाहींत. त्या वेळीं जें वाक्य तुम्हीं चावून आपलेंसें केलें असेल, तेंच तुमच्या उपयोगीं पडेल.

सुटी लागली आहे. कपाटाची किल्ली कोठें आहे तें आज आईला विचारा, एक पुस्तक काढा, त्यावरील धूळ पुसा. आणि घरांत एखादी आजी असेल तर प्रथम तिला वाचून दाखवा. ती “थांब” म्हणाली तर मात्र घाई करूं नका.