साठ भागांचा हिशेब

आपल्याकडील ऐतिहासिक मालिकांच्या अंतहीन लांबीला विटलेला सुशिक्षित प्रेक्षक अलीकडे ‘द क्राउन’चा दाखला देतो. दहा-दहा भागांचे सहा हंगाम, एकूण साठ भाग, २०१६ ते २०२३ अशी सात वर्षे, आणि मग पूर्णविराम. केवढा हा संयम, असे त्याचे म्हणणे. प्रस्तुत लेखकास हे कौतुक अस्थानी वाटते. भागांची संख्या मर्यादित असली म्हणजे काळाचे वाटप विवेकाने झाले, असे होत नाही.

पहिल्या दोन हंगामांनी १९४७ ते १९६४ हा काळ जवळजवळ समान वाटून घेतला आहे. तिसऱ्याने १९७७ पर्यंतची तेरा वर्षे दहा भागांत बसवली, आणि तरीही १९६६ साली अॅबरफॅन येथे कोळशाच्या खाणीचा ढिगारा शाळेवर कोसळून ११६ मुले दगावली, त्या दुर्घटनेस एक संपूर्ण भाग दिला. मालिकेतील उत्तम भागांपैकी तो एक होय. राणीच्या अश्रूंचा प्रश्न तेथे राजसंस्थेचाच प्रश्न होतो. आता सहाव्या हंगामाकडे पाहा. त्याचे पहिले चार भाग केवळ १९९७ च्या एका उन्हाळ्यासाठी खर्ची पडले आहेत. वर हेच लेखक पीटर मॉर्गन यांनी डायानाच्या मृत्यूनंतरचे ते दिवस ‘द क्वीन’ या २००६ सालच्या चित्रपटात अधिक धारदारपणे मांडलेले होते! तेरा वर्षांना दहा भाग आणि एका उन्हाळ्याला चार, हे प्रमाण इतिहासाने ठरवलेले नाही. ते छायाचित्रकारांच्या झुंडीने ठरवलेले आहे.

पाच हंगाम पुरेत, असे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये सहावा हवा, असे ठरले. सामग्रीची समृद्धी हे कारण देण्यात आले. ती समृद्धी अशी खर्च झाली.

नटसंच बदलण्याच्या नियमाचेही असेच. दर दोन हंगामांनी नवी राणी. क्लेअर फॉयच्या जागी ऑलिव्हिया कोलमन येते तेव्हा टपाल तिकिटावरील नव्या मुखचित्राचा प्रसंग योजून ते स्थित्यंतर कथेतच विरघळवले आहे. परंतु चौथा हंगाम १९९० मध्ये संपतो, पाचवा १९९१ मध्ये सुरू होतो, आणि कोलमनहून अठरा वर्षांनी मोठी इमेल्डा स्टाँटन सिंहासनावर दिसते. बारा महिन्यांत राणी इतकी वृद्ध का झाली? वीस भाग भरले म्हणून! ‘वुल्फ हॉल’ची आठवण येथे होतेच. २०१५ मध्ये सहा भाग, मग थेट २०२४ मध्ये आणखी सहा, आणि क्रॉमवेल तोच मार्क रायलन्स.

मालिका सत्तेविषयी नसून कुटुंबाविषयी आहे, असा बचाव कोणी करील. मग स्युएझ कशाला, खाणकामगारांचा संप कशाला? पहिल्या हंगामांनी जी कसोटी स्वतःच उभी केली, तिच्यावरच पुढील हंगाम तोलले पाहिजेत. उत्तर आयर्लंडमधील संघर्ष १९७९ साली माउंटबॅटन यांची हत्या होईपर्यंत जवळजवळ अदृश्य राहतो, ही त्या तिसऱ्या हंगामाचीही उणीव मानावी लागेल.

आणि एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. डायानाच्या अंत्ययात्रेनंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, भारतीय स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी हीच राणी अमृतसरला आली, जालियनवाला बागेत पुष्पचक्र अर्पण करून उभी राहिली. क्षमायाचना केली नाही. कर्तव्य आणि मौन यांचा असा प्रसंग पटकथाकाराने कल्पून लिहिला असता तर त्यास दाद मिळाली असती. सहाव्या हंगामात चार भागांनंतर कथा पुढे सरकते ती ईटनच्या शाळेत, विल्यमला येणाऱ्या चाहत्या मुलींच्या पत्रांकडे.