दोष कातडीचा की कामाचा?

गळीत हंगामात कारखान्याच्या कामगाराच्या हाताला सुटणारी खाज ही त्याच्या अस्वच्छतेची किंवा नाजूक कातडीची खूण होय, हा समज साखरपट्ट्यात सहज स्वीकारला जातो. १९३२ साली शेजारच्या माळीनगरला कारखाना उभा राहिल्यापासून ज्या अकलूज परिसराचे वर्ष गाळपावर बेतले गेले, तेथे तर तो कसून तपासला गेला पाहिजे.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा असा की, एकाच पाळीत, एकाच टाकीपाशी दहा जण राबत असता खाज दोघांनाच सुटते, तेव्हा कारण त्या दोघांच्या अंगातच असले पाहिजे. हा युक्तिवाद दोन निरनिराळे विकार एकच मानतो. पहिला क्षोभजन्य त्वचादाह, म्हणजे पदार्थाने कातडीची थेट केलेली हानी: रस शुद्ध करण्यासाठी कालवलेला चुना आणि नळ्यांत बसलेला थर काढणारा कॉस्टिक सोडा हे तीव्र अल्कली असून किंचित आम्लधर्मी कातडीतील स्निग्धांश ते नष्ट करतात. दुसरा अॅलर्जिक त्वचादाह, ज्यात एखाद्या पदार्थाशी, उदाहरणार्थ रबरी हातमोज्यांतील रसायनाशी, शरीराचे एकदा वैर जडले की अल्प स्पर्शही पुरतो आणि पुरळ बहुधा एकदोन दिवसांनी उठते. हे वैर मोजक्यांनाच जडते. म्हणून दोघांनाच त्रास होणे हा काम निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही.

अस्वच्छतेचा आरोप तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. वंगणाने माखलेले हात फिटर डिझेलने धुतो, वर कपड्यांच्या पावडरीने घासतो. बोटांच्या बेचक्या आधी पांढुरक्या, खरखरीत होतात, मग चिरतात आणि त्या चिरांत चुना झोंबतो. हात स्वच्छ ठेवण्याच्या धडपडीनेच ज्याची कातडी सोलली जाते, त्याला घाणेरडा म्हणणे हा अन्याय आहे. हातमोजे दिले की जबाबदारी संपली, हेही खरे नव्हे, कारण अल्कलीने भिजलेला सुती मोजा ते द्रव्य तासन् तास कातडीला बांधून ठेवतो. नायटा समजून परस्पर घेतलेले स्टेरॉइडमिश्रित मलम दाह काही दिवस दडपते, कारण मात्र जागच्या जागी राहते.

या विकाराला कायद्याने केव्हाच ओळखले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातील अधिसूचनीय रोगांच्या, म्हणजे ज्यांची माहिती शासनाला कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे अशा रोगांच्या यादीत रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह होता आणि त्याचे वरील दोन्ही प्रकारही तेथे सांगितले होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही तो वगळलेला नाही. तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘काम काय करता?’ हाच असला पाहिजे. अॅलर्जीचा संशय असल्यास पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावून, साधारण दोन व चार दिवसांनी पाहण्याची पॅच टेस्ट करता येते. पण हंगामी कामगाराच्या बाबतीत आधी साधे कॅलेंडरही पुष्कळ सांगते. पावसाळ्यात भरून आलेल्या चिरा हंगामारंभीच्या बॉयलर अग्निप्रदीपनानंतर पुन्हा फुटत असतील, तर अग्निप्रदीपनाची आणि चिरा फुटल्याची अशा दोन्ही तारखा आणि कामाची जागा केसपेपरवर औषधाच्याही आधी लिहिली गेली पाहिजे.