राउंड फिगरची सवय आणि पेट्रोलचा वास



मे महिन्यात आम्ही लग्नासाठी धुळ्याला जाऊन आलो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर आणि मग कोंडाईबारीचा घाट. सुरतेतल्या आपल्या खानदेशी घरांना हा रस्ता पाठच असतो. परतताना टाकी फुल केली, रात्री पर्वत पाटियाला पोहोचलो आणि सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये गाडी लावून झोपलो.

सकाळी आई देवळातून आली आणि म्हणाली, “अरे, जिन्याखाली पेट्रोलचा वास मारतोय. तुझीच गाडी असेल, बघ जरा.”

मी खाली जाऊन वाकून पाहिलं. जमिनीवर थेंब नव्हता, मीटरजवळ कुठलाही दिवा लागलेला नव्हता आणि पीयूसी तर मागच्याच महिन्यात काढलेलं होतं. “शेजारच्या बाइकचा असेल,” असं आईला सांगून मी मोकळा झालो. दुपारी ऊन वाढलं तसा वासही वाढला. आमचं पार्किंग तीन बाजूंनी बंद आहे, तिथेच विजेच्या मीटरची पेटी आहे आणि सुट्टीत सोसायटीतली मुलं तिथेच क्रिकेट खेळतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती अशा बंद जागेत खालीच साचून राहते. तिला भडका उडवायला एक ठिणगी पुरते. संध्याकाळी पुतण्या कॉलेजातून आला आणि वास येताच म्हणाला, “काका, गाडी सुरू करू नका. आधी ढकलून बाहेर काढू.” तो ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करतोय. आम्ही चौघांनी ढकलून गाडी मोकळ्यात आणली.

(तुमची गाडी सीएनजीची असेल तर आधी वास ओळखा. सीएनजीला कुजकट वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो आला तर गाडी सुरू न करता सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करा आणि जाणकाराला बोलवा. आमचा वास पेट्रोलचाच होता.)

थेंब न सांडता वास कुठून येतो, हे पुतण्याने त्या रात्री मला वहीवर चित्र काढून समजावलं. टाकीतलं पेट्रोल उन्हात सतत वाफ होत असतं. पूर्वी ही वाफ सरळ हवेत जायची. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेला ही वाफही कारण आहे हे कळल्यावर कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि सगळ्या अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून ती अडवणं सक्तीचं झालं. आपल्याकडच्या गाड्यांतही आता तीच व्यवस्था असते. टाकीतली वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यातला कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन गरम झालं की पर्ज वॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळतं. म्हणजे जे हवेत गेलं असतं त्यावर गाडी चालते. या साखळीत झाकण, नळ्या, डबा आणि वॉल्व्ह येतात. यातलं काहीही फुटलं की वास बाहेर.

मी विचारलं, “मग दिवा का नाही लागला? न्यू जर्सीच्या ताईच्या गाडीत तर झाकण सैल राहिलं तरी लागतो.”

त्याचं उत्तर मला नवीन होतं. अमेरिकेत १९९६ नंतरच्या गाड्या ही व्यवस्था स्वतःच तपासतात. आधी १ मिलिमीटरच्या आणि पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीसुद्धा पकडायची, असा तिथला नियम आहे. ताईच्या गाडीत आलेला पी ०४५५ हा मोठ्या गळतीचा कोड होता. बारीक गळतीला पी ०४४२ किंवा पी ०४५६ येतो. आपले भारत स्टेज नियम युरोपच्या धर्तीवर आहेत. त्यात गाडीने किमान पर्ज वॉल्व्हची वायरिंग तपासायची असते. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक गाड्यांत नळी फाटली तरी दिवा लागेलच असं नाही. पीयूसी तर फक्त सायलेन्सरचा धूर मोजतं. शेवटी आपलं नाक हेच आपलं यंत्र, आणि आईचं नाक बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने आमच्याकडे येऊन गाडी पाच मिनिटं पाहिली आणि सांगितलं, “कॅनिस्टर बदलावं लागेल.” किंमत ऐकून मला वाटलं हा लुटतोय. मी त्याला नको म्हणालो आणि पुतण्याच्या ओळखीच्या दुसऱ्या गॅरेजात टो करून गाडी नेली.

तिथल्या भाईंनी आधी स्वस्त गोष्टी पाहिल्या. पहिलं झाकण. त्याचं रबर चिरलंय का, ते ‘टक टक’ करून घट्ट बसतं का? ते ठीक होतं. दुसरं पर्ज वॉल्व्ह. तो सुटा करून फुंकून पाहिला. वीज नसताना त्यातून हवा जाता कामा नये, तशी ती गेली नाही. तो उघडा अडकला असता तर पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मग स्मोक मशीन लावलं. कॅनिस्टरची हवा घ्यायची नळी बंद करून अगदी हलक्या दाबाने सगळ्या व्यवस्थेत पांढरा धूर सोडला. दोन मिनिटांत गाडीच्या मागच्या बाजूला, टाकीकडून कॅनिस्टरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या वळणातून धुराची बारीक रेघ निघाली. नळी वाळून चिरली होती.

मी खूश झालो, पहिल्याला नाही म्हटलं ते बरं झालं. तेवढ्यात भाईंनी कॅनिस्टर काढून माझ्या हातात दिलं. चांगलंच जड होतं. तिरकं केल्यावर त्यातून पेट्रोलच ठिबकलं.

“तुम्ही टाकी कशी भरता?” त्यांनी विचारलं.

मी गप्प. पंपाचं नोजल आपोआप बंद झालं तरी मी वर्षानुवर्षं “राउंड फिगर करा” म्हणत आलोय. टाकी गळ्यापर्यंत भरली की वाफेच्या नळीत पातळ पेट्रोल शिरतं आणि कोळसा भिजतो. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, ती हवेच्या नळीतून बाहेर पडते. म्हणजे पहिला गॅरेजवाला अर्धा बरोबर होता. नुसतं कॅनिस्टर बदललं असतं तर नळीतून वास येतच राहिला असता आणि नुसती नळी बदलली असती तर कॅनिस्टरमधून. दोन्ही बदलावं लागलं. नळी माझ्या दोषाने गेली नाही, कॅनिस्टर मात्र मीच घालवलं. त्या पहिल्या माणसाला मी मनात चोर ठरवलं होतं, याचं वाईट वाटलं. पण तपासणी न करता सुटा भाग सांगणं हेही बरोबर नव्हतं.

गाडी हाती असलेल्या तरुण मंडळींना एवढंच सांगतो. नोजल बंद झालं की थांबा. वास आला तर गाडी मोकळ्यात ठेवा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. झाकणाचं रबर घरी पाहता येतं, तेवढं पाहा. पण अगरबत्ती किंवा काडी पेटवून गळती शोधायला जाऊ नका आणि टायरच्या कंप्रेसरने टाकीत हवाही भरू नका. तो दाब टाकीला झेपत नाही. गॅरेजवाल्याला विचारा, “स्मोक टेस्ट केली का? गळती दाखवा.” पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि त्याने कॅन्सर होऊ शकतो. त्यामुळे “थोडासा तर वास आहे” म्हणून सोडून देऊ नका.

परवा पंपावर नोजल २,०४३ रुपयांवर थांबलं. मुलाने विचारलं, “राउंड करी दउं, काका?” मागच्या सीटवरून आईच आधी म्हणाली, “नको रे बाबा!”

तुमच्या गाडीचा असा काही अनुभव असेल तर जरूर कळवा.