संशोधन कपाटात, अफवा मोबाईलवर : बीडच्या विद्यार्थ्यांना काय शिकवायचे?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, समाज सहभाग आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थीही त्यासाठी प्रश्नावली घेऊन वस्त्यांवर, तांड्यांवर जातात. माहिती गोळा होते, अहवाल टाइप होतो, स्पायरल बाइंडिंग होते, गुण मिळतात आणि फाइल विभागाच्या कपाटात जाते. ज्या बाईने भाकरी थापता थापता उत्तरे दिली, तिला त्या उत्तरांचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही.

त्याच बाईच्या घरातल्या मोबाईलवर मात्र रोज माहिती येत असते. रंगीत चौकटीतला एखादा आकडा, कुणाचा तरी फोटो, खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. हा आकडा कुठून आला, कोणत्या वर्षाचा, कोणी मोजला, याचा पत्ता नसतो. अभ्यास करणाऱ्यांना मांडता येत नाही आणि मांडणाऱ्यांनी अभ्यास केलेला नाही, अशी ही स्थिती आहे. म्हणून माहितीचित्र आणि माहितीपर व्हिडिओ बनवणे हा संशोधनाचाच एक टप्पा म्हणून शिकवला गेला पाहिजे. सजावटीचा किंवा हौसेचा विषय म्हणून तो सोडून देणे बीडसारख्या जिल्ह्याला परवडणारे नाही. का, ते तीन उदाहरणांतून पाहू.

एक आकडा, अनेक चित्रे

बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

विद्यार्थ्यांच्या हाती हे दोन आकडे द्या आणि माहितीचित्र बनवायला सांगा. पहिला गट '१३,८६१' हा आकडा लाल रंगात मोठा लिहील. बघणारा हादरेल, पण हे प्रमाण जास्त की कमी हे त्याला कळणार नाही. दुसरा गट भागाकार करील : सुमारे १७ टक्के, म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. शंभर बायकांची आकृती काढून त्यातल्या सतरा रंगवल्या, तर शाळेत न गेलेल्या माणसालाही ते समजेल. तिसरा गट पुढे जाऊन तुलना करील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. फरक प्रचंड आहे. पण एक पाहणी देशातल्या सगळ्या महिलांची, ठरावीक वयाची. दुसरी एका जिल्ह्यातल्या एकाच कामातल्या महिलांची. ही गोष्ट चित्राखाली एका ओळीत लिहिली पाहिजे. ती ओळ लिहिणारा विद्यार्थी संशोधक झाला असे समजावे.

आपल्या कार्यकर्त्यांनी आणखी एक पथ्य पाळायला हवे. या दोन आकड्यांतून कोणत्या समाजाच्या किती महिला, हे कळत नाही. ऊसतोडीत बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा, मराठा अशा अनेक समाजांची कुटुंबे आहेत. जातनिहाय माहिती हवी असेल तर ती स्वतंत्रपणे गोळा करावी लागेल. तोवर आपल्या सोयीचा मथळा देऊ नये. विरोधकांनी एक चूक पकडली की दहा खऱ्या गोष्टी खोट्या ठरवल्या जातात.

आकड्यामागचे कारण सांगायला व्हिडिओ उपयोगी पडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस काम चुकले की खाडा, फडावर ना शौचालय ना पाण्याची सोय. पाळीच्या दिवसांतही काम थांबत नाही. पांढरे पाणी जाते, कंबर दुखते म्हणून दवाखान्यात जावे, तर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला. ही साखळी तीन मिनिटांत चित्रांसह सांगता येते. आणि तो व्हिडिओ केवळ पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांची हळहळ मिळवण्यासाठी असू नये. २०१९ च्या गाजावाजानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. हे त्या बाईला कोण सांगणार? 'डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला कुठे घ्यायचा' असा व्हिडिओ दिवाळीच्या सुमारास गाड्या निघण्यापूर्वी वस्तीत दाखवला, तर एखादीची शस्त्रक्रिया टळू शकते.

पट्टी कुठून सुरू होते?

दुसरे उदाहरण मुलींच्या जन्माचे. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या. राज्यातले ते सर्वांत कमी प्रमाण होते. आता स्तंभालेख काढताना उभी पट्टी शून्यापासून सुरू केली तर दुसरा स्तंभ सुमारे दहा टक्क्यांनी लहान दिसतो. पट्टी ८०० पासून सुरू केली तर पहिला स्तंभ ९४ चा आणि दुसरा ७ चा होतो, म्हणजे मुली जवळपास संपल्याच असे वाटते. दोन्ही चित्रांत आकडे खरे, पण दुसरे चित्र फसवते.

ही युक्ती सरकारी जाहिराती वापरतात, वाहिन्या वापरतात, राजकीय पक्षांचे आयटी सेल वापरतात. स्वतः आलेख काढायला शिकलेला तरुण दुसऱ्याच्या आलेखातली फसवणूकही ओळखतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितले आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, असा उपदेश बुद्धांनी कालामांना केला. आजच्या काळात त्यात 'फॉरवर्ड होऊन आले आहे' हेही धरावे लागेल.

गायरान : अर्धी माहिती आणि पूर्ण भीती

तिसरे उदाहरण थेट आपल्या पोटाशी जोडलेले आहे. मराठवाड्यात गायरान जमिनींच्या लढ्याला मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे बीडच्या मातीतून उभे राहिलेले एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियान यांनी गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांना संघटित केले. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट खुली झाली.

त्यानंतर चित्र बदलले. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढण्याचे निर्देश दिले आणि गावोगाव नोटिसांची धास्ती पसरली. मोबाईलवर फिरले ते एवढेच : 'गायरान खाली करा, न्यायालयाचा आदेश.' पण जगपाल सिंग निकालातच अपवाद आहे. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना सरकारी निर्णयानुसार पट्टा दिला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो, असे तो निकाल सांगतो. धनदांडग्याचे अतिक्रमण आणि तीन पिढ्या गायरान कसून जगणाऱ्या कुटुंबाची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला तेथे आधार आहे.

विधी किंवा समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी यावर एक पानाचे माहितीचित्र करावे. डावीकडे तारखांची रांग : १९९०, १९९१, २०११, २०२२. उजवीकडे कोणते कागद शोधायचे : गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमण नोंदवहीतील नोंद, दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुने अर्ज आणि त्यांच्या पोचपावत्या. खाली मोठ्या अक्षरात : 'नोटीस आली तर गप्प बसू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या.' असा कागद एखाद्या वकिलाकडून तपासून घेऊन विहाराच्या भिंतीवर लावला, तर तो शंभर पानी प्रबंधापेक्षा जास्त जणांच्या कामाला येईल. मात्र त्यासाठी शासन निर्णय आणि निकाल कोणीतरी मुळातून वाचलेले असले पाहिजेत.

ही परंपरा आपलीच आहे

चित्रांनी संशोधन उथळ होते, असे काही प्राध्यापक म्हणतील. त्यांनी बाबासाहेबांचे ग्रंथ पुन्हा उघडून पाहावेत. पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथाला त्यांनी जिल्हानिहाय लोकसंख्येचे तक्ते आणि नकाशे जोडले. भाषावार राज्यांवरील १९५५ च्या पुस्तिकेतही तक्ते आणि नकाशे आहेत. वाचकाने आपल्या शब्दावर विसंबू नये, आकडे स्वतः पाहून ठरवावे, ही त्यामागची भूमिका. कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये जातिव्यवस्थेवर निबंध वाचणारे बाबासाहेब १९२० मध्ये 'मूकनायक' काढतात, कारण ज्ञान ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या भाषेत ते गेले पाहिजे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत तोच विचार आंबेडकरी जलशांनी नेला.

अमेरिकेतही असेच घडले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांना सोबत घेऊन साठेक रंगीत तक्ते हाताने तयार केले. जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीयांकडे किती एकर जमीन, निरक्षरता किती घटली, कोण कोणत्या व्यवसायात, हे सारे त्यात होते. गुलामगिरीतून सुटून चाळीस वर्षेही न झालेल्या समाजाने आपली आकडेवारी स्वतः मोजून जगापुढे मांडली. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. दुसऱ्यांनी आपल्याबद्दल काय बोलायचे हे ठरवण्याआधी आपण आपली माहिती मांडायची, हा धागा दोन्हीकडे एकच आहे.

वर्गात काय शिकवावे?

यासाठी महागडा स्टुडिओ लागत नाही. मोबाईल, कॅनव्हासारखे साधन आणि एडिटिंगचे एखादे ॲप पुरते. शिस्त मात्र लागते.

एका चित्रात एकच प्रश्न घ्यावा. प्रत्येक आकड्याखाली स्रोत आणि वर्ष लिहावे. स्रोत नसेल तर आकडा काढून टाकावा. टक्केवारी दिली तर ती कितीजणांपैकी, हे सांगावे. व्हिडिओचे लेखन आधी कागदावर करावे, गावच्या बोलीत करावे आणि चित्रीकरण नंतर. आपला धम्म लोकांनी आपापल्या भाषेत शिकावा, अशी मुभा बुद्धांनी भिक्खूंना दिली होती; मग आपण 'सांख्यिकीय विश्लेषणांती असे निष्पन्न होते की' असे कशाला बोलायचे?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संमती. गर्भाशय काढलेल्या बाईचा चेहरा धूसर केला, तरी छोट्या वस्तीत तिचा आवाज, घराचे दार, लुगड्याचा रंग यांवरून ती ओळखू येते. तिथे रेखाचित्र आणि दुसऱ्याचा आवाज वापरावा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. अत्याचाराविरुद्ध संतापाने व्हिडिओ टाकणाऱ्या आपल्या अनेक तरुणांना हे कोणी शिकवलेलेच नाही.

शेवटी, गुण देण्याआधी चाचणी गावात व्हावी. ज्यांची माहिती घेतली त्यांनाच चित्र दाखवावे आणि 'यातून तुम्हाला काय समजले?' असे विचारावे. त्यांना कळले नाही, किंवा त्यांनी 'असं नव्हतं सांगितलं आम्ही' म्हटले, तर काम पुन्हा करावे. विद्यापीठांच्या 'आविष्कार' महोत्सवात विद्यार्थी पोस्टर मांडतात, पण ते परीक्षकांसाठी असते. तेच पोस्टर मराठीत, सोप्या रूपात गावातही लावण्याची अट का नसावी? बार्टीचे समतादूत आणि गावोगावचे विहार या कामात महाविद्यालयांना जोडून घेता येतील.

एक अडचण खरी आहे. घरातला मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो आणि सहा महिने फडावर राहणाऱ्या बाईपर्यंत रील पोहोचत नाही. म्हणून छापील पोस्टर, विहारातील पडदा आणि आशाताईंची बैठक हेही माध्यमच मानावे. आणि हे शिक्षण देताना मुलींना कॅमेऱ्यामागे, संगणकासमोर बसवावे. केवळ निवेदनासाठी उभे करू नये.

पुढचे काम समोर आहे

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात सर्व जातींची नोंद होणार आहे. 'धर्म बौद्ध लिहिला तर सवलती जातील' ही भीती अशा वेळी पुन्हा पसरवली जाते. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो, ही वस्तुस्थिती आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. यापुढची नोंद किती अचूक होते, हे घरोघरी काय माहिती पोहोचते यावर ठरेल.

बीडच्या अकरा तालुक्यांत प्रत्येकी पाच विद्यार्थ्यांचा एक गट तयार झाला, त्याने जनगणनेची अधिकृत प्रश्नावली आणि कायदा वाचला आणि दोन मिनिटांचा एक अचूक व्हिडिओ व एक पोस्टर बनवले, तरी अफवांना उत्तर मिळेल. विहारांच्या समित्यांनी त्यासाठी आजच आपल्या भागातील महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना भेटावे. जयंतीच्या वर्गणीतला छोटा वाटा छपाईसाठी ठेवला, तर पैशाचीही अडचण येणार नाही. 'शिका' या आदेशात शिकलेले समाजाला समजावून सांगणेही येते.

जय भीम!