बावखल कोणाचे?

वसईतील बावखले बुजवताना दोन समर्थने हमखास पुढे केली जातात : जागा खाजगी आहे आणि पाण्यात डास होतात. दोन्ही लंगडी आहेत. मासे असलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत. सांडपाणी सोडून मासे मारायचे आणि मग डासांचा बोभाटा करायचा, हा कुठला न्याय? जमीन मालकाची, हे मान्य. पण बावखलातून शेजारच्या विहिरींत झिरपणारे पाणी सातबारा वाचत नाही.

पूर्वी मालकाला विचारून गळ टाकणाऱ्या पोराला कोणी हुसकावीत नसे. त्याच्यामुळे पाण्यावर गावाची नजर राही. मेलेला मासा तरंगला की लगेच बोंब होई. गावाच्या सामायिक तळ्यांवरील अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावले. तो निकाल सामायिक जमिनीपुरता होता. खाजगी बावखलाची राखण मालकाच्या विवेकावर आहे. जुलै २०१८ मध्ये वसई जलमय झाली, तेव्हा पाणी आपली बुजवलेली घरेच शोधत होते.

बंधूंनो, भरावाची गाडी बोलावण्यापूर्वी एकदा नातवाच्या हाती गळ द्या. मासा लागला नाही, तर दोष बावखलाचा नव्हे, आपला आहे.